हरलेल्यानं आणायचा मासा

आमचं गाव घोटी. कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की नाशिकच्या वाटेवर भातगिरण्यांचं हे गाव लागतं. पाऊस इतका की वाळत घातलेला सदरा गणपतीत अंगावर येईल, असं आजी म्हणायची. गावाचं नाव ऐकून आजवर कुणी दचकलं नव्हतं, खूश तर मुळीच झालं नव्हतं. १९९६ साली बँकेने माझी बदली कोलकात्याला केली आणि याच नावावर मला तिथे खोली मिळाली, आगाऊ भाड्यातला एक महिना माफ झाला आणि एक फुटबॉल क्लब जन्माचा गळ्यात पडला.

त्याचं झालं असं. दक्षिण कोलकात्यातलं दुमजली घर. हिरव्या झडपांच्या खिडक्या, खाली मालक, वर भाड्याची खोली. मालकांनी बैठकीत बसवून माझी रीतसर उलटतपासणी केली. बँक कुठली, विडी-सिगरेट काही, मासे खाता ना. मासे खातो म्हटल्यावर चेहरा जरा निवळला. मग पुढे सरकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घोटी ना बांगाल?"

मी चाटच पडलो. माझं गाव यांना कसं ठाऊक? बंगाल तर दिसतच होता सगळीकडे, म्हणजे मूळचा घोटीचा की इथलाच, असं विचारत असावेत. म्हणालो, "घोटी."

"खरंच? किती पिढ्या?"

"आजोबा, पणजोबा, सगळे घोटीचेच."

गृहस्थ उठले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून हलवू लागले. आत स्वयंपाकघरात कुणीतरी पातेल्यावर झाकण आदळलं.

त्या झाकणाचा अर्थ कळायला मला आठवडा लागला. पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशाला तिकडे घोटी म्हणतात आणि पूर्वेकडून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्याला बांगाल. घोटी स्वयंपाकात साखर घालतो, बांगाल मिरची. आपल्याकडच्या पुणेरी आमटीचं आणि कोल्हापुरी रश्श्याचं जे नातं, साधारण तेच. घोटीचा क्लब मोहन बागान, बांगालाचा ईस्ट बेंगॉल. आणि मोहन बागान जिंकलं की घरी चिंगडी, म्हणजे कोळंबी. ईस्ट बेंगॉल जिंकलं की इलिश, म्हणजे हिलसा. मुंबईच्या बाजारात भिंग म्हणून जो मासा येतो, तो या इलिशचा जवळचा नातलग.

आमचे मालक कट्टर घोटी आणि झाकण आदळणाऱ्या मालकीणबाई कट्टर बांगाल. लग्न प्रेमाचं. कोलकात्यात घरमालकिणीला माशिमा, म्हणजे मावशी म्हणायचं आणि तिच्या नवऱ्याला मेशोमोशाय. तेव्हा मीही तसंच म्हणू लागलो. लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि या पंचवीस वर्षांत दोघांनी एक नियम केला होता. मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल भिडले की हरलेल्याने पिशवी घेऊन बाजारात जायचं आणि जिंकलेल्याचा मासा आणायचा. पैसे हरलेल्याचे. शिजवणार माशिमाच, कारण मेशोमोशायना चहादेखील धड येत नव्हता. मी आल्यापासून घरात दोनास एक झाले होते. माशिमांचा राग बरोबरच होता.

मी घोटीचा आहे, घोटी नाही, हे सांगायला मी पुढच्याच रविवारी खाली उतरलो होतो. पण ताटात नारळाच्या दुधातली गलदा चिंगडी होती. गलदा म्हणजे हाताच्या पंजाएवढी, निळसर नांग्यांची, डोक्यात केशरी लोणी भरलेली. आम्ही दारणेच्या काठचे लोक. मरळ आणि चिखलातले खेकडे ही आमची मजल, आणि नाशिकच्या बाजारातले सुके बोंबील ही चैन. मी गप्प बसलो आणि घोटी राहिलो.

हा मासे खायचा रिवाज सुरू कुणी केला, हे मी त्या घरात राहून पुष्कळ जणांना विचारलं. कोलकात्यात असा प्रश्न विचारू नये. चहा येतो, मग दुसरा चहा येतो आणि ऑफिसची वेळ टळते.

माशिमांची गोष्ट सरळ होती. १९४७ साली देश फुटला. माणसं ट्रंक, बिछाना आणि देव घेऊन सियालदह स्टेशनवर उतरली. घर, पुकूर म्हणजे तळं, सुपारीची बाग तिकडे राहिली. पद्मा नदीसुद्धा तिकडेच राहिली. तिचा इलिश मात्र बाजारात विकत मिळायचा. "गेलेलं गाव किलोवर मिळत असेल तर माणूस घेणारच ना," त्या म्हणाल्या आणि कढईत सरसूचं तेल ओतू लागल्या. क्लबाच्या नावातच पूर्व बंगाल. तो जिंकला म्हणजे निदान नव्वद मिनिटं आपलं गाव जिंकलं. मग पानात गावचाच मासा हवा. माशिमांच्या माहेरी सरस्वतीपूजेला जोडइलिश यायचा, दोन इलिश एकत्र, कपाळाला शेंदूर लावून. तिथे जे देवीपुढे, तेच इथे गोलापुढे. मला हे पटलं. अजूनही पटतं.

मेशोमोशायचं म्हणणं, यात नुसता चुलीचा धूर आहे. ईस्ट बेंगॉल क्लब निघाला १ ऑगस्ट १९२० ला, फाळणीच्या सत्तावीस वर्षं आधी. आणि तोही निघाला रागातून. जोडाबागान विरुद्ध मोहन बागान सामन्यात जोडाबागानने शैलेश बोस नावाच्या खेळाडूला बसवलं, म्हणून क्लबाचे पदाधिकारी सुरेशचंद्र चौधुरी तडकून बाहेर पडले आणि त्यांनी मित्रांसह नवा क्लब काढला. "म्हणजे मूळ भांडण जोडाबागानशी," मेशोमोशाय म्हणायचे, "आणि भोगतोय मी." लीगमध्ये दोघे पहिल्यांदा भिडले २८ मे १९२५ ला आणि ईस्ट बेंगॉलने एक गोल करून सामना मारला. ही तारीख मेशोमोशाय कधी सांगत नसत. ती माशिमांनी सांगितली.

चिंगडीबद्दल मात्र मेशोमोशाय हळवे होते. मोहन बागान १८८९ चा क्लब. उत्तर कोलकात्यातल्या एका वाड्यात जन्मलेला, पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बोस. बडी मंडळी. २९ जुलै १९११ ला या क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड घेतली, तेव्हा गोऱ्यांच्या पायांत बूट होते आणि आमच्या अकरांपैकी दहा अनवाणी होते. अशा क्लबाच्या विजयाला काटे काढत बसावं लागणारा मासा कसा चालेल? गलदा पाहिजे. रुंद ताट पाहिजे.

यावर माशिमा शांतपणे म्हणत, "चिंगडी मासाच नाही. पोका आहे." पोका म्हणजे किडा. प्राणिशास्त्र बिचारं त्यांच्या बाजूला उभं असल्यामुळे मेशोमोशायना उत्तर नसे. मग ते १९११ म्हणत. माशिमा नुसता पंजा उघडून दाखवत. पाच. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलने मोहन बागानला पाच गोल मारले होते, शून्याला. वीजबिल भरायचं राहिलं, तरी त्या घरात ५ आणि १९११ हेच आकडे निघायचे.

तिसरी उपपत्ती एका वकिलाने ट्राममध्ये सांगितली आणि ती सगळ्यांत कोरडी, म्हणून कदाचित सगळ्यांत खरी. कोलकात्याची लीग १८९८ पासूनची, आणि ती पावसाळ्याची. चिखलात घसरत खेळायचं, छत्र्या मिटून बघायचं. इलिशही पावसाळ्याचाच. समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरतो, तो आषाढ-श्रावणात. जिंकून मैदानावरून घरी निघालं की वाटेतल्या प्रत्येक बाजारात इलिश चांदीसारखा मांडलेला. आंब्याच्या दिवसांत जिंकले असते तर आंबा खाल्ला असता.

चौथी माझी स्वतःची आहे आणि तिला पुरावा आहे. तो मी १३ जुलै १९९७ ला डोळ्यांनी पाहिला.

त्या रविवारी फेडरेशन कपचा उपांत्य सामना होता. मेशोमोशाय मला सॉल्ट लेकच्या मैदानात घेऊन गेले. एक लाख एकतीस हजार माणूस. घोटीची लोकसंख्या किती वेळा मावेल, याचा हिशोब करायचा मी नाद सोडला. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त. त्यांनी डायमंड नावाची नवी व्यूहरचना आणली होती आणि शहर महिनाभर त्याच हिऱ्याबद्दल बोलत होतं. सामन्याआधी दत्तबाबूंनी समोरच्या संघाची यथेच्छ टिंगल केली. ईस्ट बेंगॉलचा बचावपटू ओमोलो, त्याला आमलेट म्हणाले. सोसोला शोशा म्हणाले, म्हणजे काकडी. पलीकडे ईस्ट बेंगॉलचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते. खेळाडूंना बोलून बोलून पेटवायची त्यांची विद्या प्रसिद्ध होती. तिला व्होकल टॉनिक असंच नाव होतं. यावेळी त्यांना फारसं बोलावं लागलं नसणार. न्याहारीचे निम्मे पदार्थ समोरच्याने आधीच चुलीवर ठेवले होते.

बायचुंग भूतियाने तीन गोल मारले. ईस्ट बेंगॉल ४, मोहन बागान १. आमच्या समोरच्या सज्जात लोकांनी वर्तमानपत्रांच्या सुरळ्या करून पेटवल्या, मशाली म्हणून. त्यांच्या क्लबाचं चिन्ह मशाल, आपल्या क्लबाचं चिन्ह शिडाची नाव. मासा दोघांच्याही चिन्हावर नाही, हे मला त्या क्षणी सुचलं. पण मेशोमोशायच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं.

बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. घरी न जाता परस्पर बाजाराच्या स्टॉपवर उतरले. खिशातून घडी केलेली नायलॉनची पिशवी काढली. म्हणजे ती त्यांनी सकाळीच खिशात घातली होती. मला त्या पिशवीचं फार वाईट वाटलं.

बाजारात ही झुंबड. लाल-सोनेरी झेंडे अंगाला गुंडाळलेली पोरं, धोतरातले म्हातारे, आणि वर नागडे पिवळे दिवे. ओल्या ओट्यांवर इलिश लावलेले, पाठ निळी, पोट चांदीचं. कोळी उकिडवा बसून बोंटीचा पाट पायाने दाबून धरत होता. बोंटी म्हणजे आपली विळीच, फक्त पातं हातभर उंच. मासा दोन्ही हातांनी पात्यावर लोटायचा, विळी जागची हलत नाही. भाव सकाळपेक्षा चढलेला. तासाभरापूर्वीच्या गिऱ्हाइकापेक्षाही चढलेला.

मेशोमोशायनी मासा उचलला नाही. कोळ्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, ढिगातला एक बाजूला केला, दुसरा उचलून पोट अंगठ्याने दाबून पाहिलं आणि तो काट्यात टाकला. "गाभोळी नाही याच्यात. चव सगळी पोटात," तो म्हणाला. मग खवले काढता काढता हलकेच विचारलं, "मोहन बागान?"

"पाहुणे येणार आहेत," मेशोमोशाय म्हणाले.

"मी पण," कोळी म्हणाला.

"मी पण काय?"

"मोहन बागान. वडिलांपासून." त्याने मासा आडवा कापला. कापल्यावर इलिश धुवायचा नाही, तेल जातं, म्हणून तसाच कागदात बांधला. "पण बाबू, ते हरले तर पोरं इलिश नेतात, जिंकले तर चिंगडी. माझा क्लब हा गल्ला."

तेव्हापासून माझी खात्री आहे. हा रिवाज कुण्या निर्वासिताने सुरू केला नाही की कुण्या बड्या बाबूने. तो सुरू केला एका कोळ्याने, ज्याच्याकडे संध्याकाळी सात वाजता दोन्ही माल शिल्लक होते. दसऱ्याला आपट्याची पानं विकणाऱ्याचा आणि अक्षय्य तृतीयेला सोनं विकणाऱ्याचा तो थोरला भाऊ असणार.

त्या रात्री भापा इलिश झाला. मोहरी वाटून, वर हिरवी मिरची, डब्यात घालून वाफवलेला. मी अर्धा तास काटेच काढत होतो. इलिशचे काटे केसासारखे, आणि सगळ्या दिशांनी. जिभेने काटा वेगळा करायची विद्या बांगाल पोरांना दातांबरोबर येते. माशिमांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या पानातला पोटाचा तुकडा उचलून माझ्या पानात ठेवला आणि म्हणाल्या, "घोटी असा खात नाही. घोटी साखर मागतो. तू कोण आहेस रे?"

मी सांगितलं. इगतपुरीपासून सगळं सांगितलं, भातगिरण्यांसकट. मेशोमोशायनी हातातला घास खाली ठेवला. एका संध्याकाळी चार गोल आणि एक घोटी, एवढं नुकसान त्यांनी कधी सोसलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "गावाचं नाव घोटी आहे ना? मग माणूसही घोटीच." माशिमा म्हणाल्या, "गावात पूर्वेकडून येणारा रस्ता असेल ना?" भाडं कुणीच वाढवलं नाही.

बरोबरी झाली तर काय, हेही मी विचारलं होतं. त्या घरात बरोबरीला अंड्याचा रस्सा व्हायचा. शून्य-शून्य असेल तर एक-एक अंडं, गोल झाले असतील तर तेवढी जास्त. बंगाली मूल परीक्षेला जाताना अंडं खात नाही, गुणपत्रिकेवर तेच उतरेल म्हणून. पण सामना संपल्यावर भीती कसली. १९७२ साली रोव्हर्स कपाचा अंतिम सामना आपल्या मुंबईत, कूपरेजवर, याच दोघांत झाला आणि कप शेवटी दोघांना वाटून दिला. त्या रात्री दादर-माटुंग्यातल्या बंगाल्यांच्या घरी काय शिजलं असेल, या विचाराने मी आजही कूपरेजवरून जाताना थोडा रेंगाळतो.

हे मासे आपापल्या बाजूला तरी इमानी आहेत का? तर तेही नाही. पद्मेचा इलिश म्हणून जो येतो, त्यातला पुष्कळसा डायमंड हार्बरच्या बाजूचा, घोटींच्या दारातला. फराक्क्याचा बंधारा १९७५ मध्ये चालू झाला आणि गंगेत वरपर्यंत चढणाऱ्या इलिशची वाट अडली. बांगलादेशाने २०१२ मध्ये निर्यात बंद केली. पुढे दुर्गापूजेपुरता थोडा सोडू लागले. आणि घोट्यांची लाडकी गलदा? ती पिकते खुलना-बागेरहाटच्या तळ्यांत. शुद्ध बांगाल.

खेळाडूंचं बघावं तर आणखी घोटाळा. मोहन बागानची चिनी भिंत म्हणून ज्यांचा पुतळा मैदानाशेजारी उभा आहे, ते गोष्ठ पाल फरीदपूरचे. मोहन बागान सोडून दुसऱ्या क्लबाचा विचारही न केलेले चुनी गोस्वामी जन्मले किशोरगंजला. दोन्ही पूर्व बंगाल. उलट ईस्ट बेंगॉलचे पंचपांडव, ज्यांच्या नावाने माशिमांचे डोळे पाणावायचे, ते वेंकटेश, आप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचांत एक बंगाली नाही. इलिशचे काटे त्यांनी कसे काढले, देव जाणे. हे सगळं मी एकदा दोघांसमोर मांडलं. दोघांनीही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मेशोमोशाय माशिमांना म्हणाले, "पोरगा बँकेत आहे ना. टोटल लावायची सवय."

माझी बदली पुढे नाशिकला झाली. दोन्ही क्लब २०२० मध्ये आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये गेले. मोहन बागानच्या नावाला पुढे एटीके लागलं, मेशोमोशाय तीन वर्षं ते नाव उच्चारत नव्हते, मग ते निघालं आणि मागे सुपर जायंट लागलं, तेव्हा म्हणाले, "आडनाव आहे, राहू दे." ही स्पर्धा हिवाळ्यातली. माघात ईस्ट बेंगॉल जिंकलं तर ताजा इलिश आणायचा कुठून? तो प्रश्न आला नाही, कारण ईस्ट बेंगॉल जिंकतच नव्हतं. आयएसएलच्या आधीपासून धरून साडेचार वर्षं माशिमा पिशवी घेऊन चिंगडी आणत होत्या. फोनवर त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

१२ ऑगस्ट २०२३ ला ड्युरंड कपात ईस्ट बेंगॉलने मोहन बागानला १-० हरवलं. श्रावण, भर हंगाम. रात्री साडेनऊला फोन. माशिमांचा आवाज ऐंशीच्या घरातला वाटेना.

"गेले का बाजारात?" मी विचारलं.

"गेले. आलेही." पुढे काही बोलेनात.

"मग?"

"खोका इलिश आणलाय." खोका म्हणजे पिलू, वीतभर. एवढं लहान पकडायला बंदी असते. "साडेचार वर्षांनी जिंकलो आणि हा माणूस बोटाएवढा मासा घेऊन आला. म्हणतो, नियमात आकार कुठे लिहिलाय?" मागून मेशोमोशायचा खोकला ऐकू आला. हसू लपवायला ते असेच खोकतात.

तीन आठवड्यांनी, ३ सप्टेंबरला, त्याच कपाच्या अंतिम सामन्यात मोहन बागान १-० जिंकलं. तेही दहा खेळाडूंनी. यावेळी फोन मेशोमोशायचा. मी अभिनंदन केलं आणि गलदाचा भाव विचारला.

"गलदा?" ते म्हणाले. "कुचो चिंगडी आणलीय हिने. कुचो! तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?"

मी म्हटलं, जवळा.

"तोच. दुधीभोपळ्यात घातलाय. मी ताटात शोधतोय मघापासून."